संशोधन अनुदानातील मंत्र्यांचा नकाराधिकार

संशोधन अनुदानातील मंत्र्यांचा नकाराधिकार : तज्ज्ञांनी निवडलेला संशोधन प्रस्ताव सरकारने अखेरच्या टप्प्यावर फेटाळण्याचा अधिकार. प्रस्ताव नामंजूर होणे संशोधकांना नवे नसते. वाद पेटतो तो नकार कोणी दिला आणि कारण सांगितले का, यावरून. ऑस्ट्रेलियात हा वाद सुमारे वीस वर्षे धुमसत राहिला.

तेथील ‘ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिल’ (एआरसी) २००१ च्या कायद्यानुसार चालते. विषयतज्ज्ञ अर्ज वाचून शेरे लिहितात, अर्जदार त्यांना उत्तर देतो, मग तज्ज्ञमंडळ क्रमवारी लावते. ‘डिस्कव्हरी प्रोजेक्ट्स’ या प्रमुख योजनेत साधारण पाचांतला एक अर्ज या चाळणीतून पार पडतो. निवडलेली यादी शिक्षणमंत्र्यांच्या सहीसाठी जाई आणि ही सही बहुतेकदा उपचारापुरतीच असे.

अपवाद मात्र घडले. शिक्षणमंत्री ब्रेंडन नेल्सन यांनी २००४-०५ मध्ये काही प्रस्ताव नाकारले, शिवाय छाननीसाठी विद्यापीठाबाहेरची माणसे नेमली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सिनेटच्या समितीपुढे नवीच माहिती आली. सायमन बर्मिंगहॅम यांनी शिक्षणमंत्री असताना ११ प्रस्ताव गुपचूप रद्द केले होते. एकूण रक्कम सुमारे ४२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि सगळे विषय मानव्यविद्यांचे. आपला अर्ज तज्ज्ञांनी नव्हे तर मंत्र्यांनी अडवला, हे अर्जदारांना तोवर कळवलेलेच नव्हते. बर्मिंगहॅम यांनी ट्विटरवर जिब्राल्टर सामुद्रधुनीच्या कलांवरील २,२३,००० डॉलरच्या प्रकल्पाचे नाव पुढे केले आणि करदात्यांना हे रुचेल का, असा सूर लावला. शेकडो तासांच्या परीक्षणापुढे एका शीर्षकाची थट्टा भारी ठरली, अशी टीका झाली. त्यांच्यानंतरचे मंत्री डॅन टेहान यांनी ‘राष्ट्रहित चाचणी’ आणली. मंत्र्यांनी नकार दिल्यास तो अर्जदाराला कळवण्याचेही मान्य केले.

२४ डिसेंबर २०२१ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, ‘डिस्कव्हरी प्रोजेक्ट्स’चे निकाल लागले. ५८७ प्रकल्प मंजूर झाले. हंगामी शिक्षणमंत्री स्टुअर्ट रॉबर्ट यांनी मात्र सहा प्रस्ताव वगळले. करदात्यांच्या पैशाचे चीज होत नाही आणि राष्ट्रहितही साधत नाही, हे कारण दिले. त्यांत चीनवरील दोन, शालेय विद्यार्थ्यांच्या हवामान आंदोलनावरील एक आणि हवामानाचा एलिझाबेथकालीन रंगभूमीवर झालेला परिणाम तपासणारा एक प्रस्ताव होता. निषेध म्हणून तज्ज्ञमंडळातील दोघांनी राजीनामे दिले. मंत्री लोकांनी निवडलेला आणि संसदेला जबाबदार, तेव्हा सार्वजनिक पैशावर शेवटचा शब्द त्याचाच, ही समर्थकांची बाजू. राष्ट्रहित ठरवताना पक्षहित डोकावणार नाही याची हमी कोण देणार, हा विरोधकांचा सवाल.

ब्रिटनमध्ये मंत्री आणि प्रकल्पांची निवड यांच्यातील अंतराला १९१८ च्या अहवालाशी जोडलेले ‘हाल्डेन तत्त्व’ म्हणतात. कोणत्या प्रकल्पाला पैसा द्यायचा हे संशोधकांनीच ठरवावे, हा त्याचा गाभा. २०१७ च्या कायद्यात त्याला स्थान मिळाले.

ऑस्ट्रेलियात सरकार बदलल्यावर एआरसीच्या कायद्याचा आढावा घेणाऱ्या मार्गरेट शील यांच्या समितीने एप्रिल २०२३ मध्ये अहवाल दिला. २०२४ च्या दुरुस्ती कायद्याने बहुतेक अनुदानांच्या मंजुरीचा अधिकार १ जुलैपासून एआरसीच्या स्वतंत्र मंडळाकडे गेला. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून अनुदान अडवण्याचा अधिकार मंत्र्यांकडे राहिला. तो वापरल्यास संसदेला कळवणे बंधनकारक आहे.