बहुस्रोत वैद्यकीय प्रतिमांचे संख्याशास्त्रीय विभाजन

१. संज्ञा. प्रतिमेतील प्रत्येक घटक कोणत्या ऊतीचा आहे, हे ठरवण्याच्या क्रियेस विभाजन म्हणतात. त्रिमितीय प्रतिमेच्या लघुतम घटकास व्हॉक्सेल, तेथे यंत्राने नोंदवलेल्या संख्येस तीव्रता आणि तेथील ऊतीच्या प्रकारास वर्ग म्हणावे. तीव्रता ज्ञात असते, वर्ग अज्ञात. ज्ञात तेही सदोष असते; म्हणून हा प्रश्न संभाव्यतेचा ठरतो.

२. स्रोतभेद. 'अनेक स्रोत' या पदाचे तीन अर्थ होतात : (अ) एकाच रुग्णाच्या निरनिराळ्या पद्धतींनी घेतलेल्या प्रतिमा, (आ) निरनिराळी यंत्रे, (इ) निरनिराळ्या तज्ज्ञांनी आखलेल्या सीमा. पहिल्याने पुरावा वाढतो, दुसऱ्याने प्रतिमेतील विकार, तिसऱ्याने निर्णय. तिन्हींचा विचार म्हणून पृथक् करावा लागतो.

३. पुरावा. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात मेंदूच्या श्वेत द्रव्यात, पुष्कळदा द्रवाने भरलेल्या पोकळ्यांलगत, क्षते पडतात. अशा पोकळीच्या कडेचा एक व्हॉक्सेल घ्या. एमआरआयच्या टी-१ प्रतिमेत द्रव काळा, आणि क्षतही अनेकदा काळसर. टी-२ प्रतिमेत दोन्ही उजळ. फ्लेअर प्रतिमेत द्रवाचा संकेत दाबलेला असल्याने द्रव काळा राहतो आणि क्षत उजळ दिसते. समजा, तेथे द्रव असण्याची पूर्वसंभाव्यता क्षताच्या तिप्पट आहे, टी-१ व टी-२ दोहोंना सारखाच कौल देतात आणि फ्लेअरची तीव्रता क्षताला नऊपट अनुकूल आहे. बेझच्या नियमाने क्षत व द्रव यांचे गुणोत्तर ९ : ३, अर्थात क्षताची उत्तरसंभाव्यता ०.७५.

हा गुणाकार तिन्ही साक्षी परस्परस्वतंत्र मानून केला. त्या तशा नसतील, तर सहप्रचरण, म्हणजे त्यांचे एकत्र बदलणे, हिशेबात घ्यावे लागते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेले अंतर हेच साधते : वर्गाच्या माध्यापासूनचा, म्हणजे सरासरी तीव्रतेपासूनचा, दुरावा ते प्रचरण व सहप्रचरण यांच्या मापाने मोजते, त्यामुळे एकच साक्ष दोनदा मोजली जात नाही.

४. आकलन. वर्गाचे माध्य कळण्यास वर्ग ठाऊक हवेत, आणि वर्ग कळण्यास माध्य. हे चक्र डेम्पस्टर, लेर्ड व रुबिन यांच्या १९७७ च्या ईएम पद्धतीने सुटते. पहिल्या पायरीत तात्पुरत्या माध्यांवरून प्रत्येक व्हॉक्सेलची वर्गसंभाव्यता काढतात, दुसरीत त्या संभाव्यतांचे भार देऊन माध्य सुधारतात. प्रत्येक फेरीत संभवनीयता, म्हणजे त्या माध्यांनुसार नोंदलेल्या तीव्रता मिळण्याची शक्यता, वाढते किंवा स्थिर राहते, घटत नाही. परंतु ती स्थानिक शिखरावरही थांबू शकते; म्हणून आरंभीच्या किमती विचारपूर्वक निवडाव्यात.

५. विकार. हा द्विविध आहे. (अ) यंत्रांतर्गत : प्रतिमेवर मंदगतीने बदलणारी उजळता पसरते व तीव्रतेला गुणते. लॉगरिदम घेतल्यास गुणाकाराची बेरीज होते आणि ईएमच्या फेऱ्यांतच ती उजळता वजा करता येते. (आ) यंत्रायंत्रांतील : प्रत्येक यंत्राचे माध्य व प्रचरण वेगळे असते, ते समपातळीवर आणता येते. मात्र सर्व रुग्ण एका यंत्रावर आणि सर्व निरोगी दुसऱ्यावर तपासले गेले असतील, तर रोगाचा परिणाम व यंत्राचा परिणाम केवळ त्या आकड्यांवरून वेगळे करता येत नाहीत.

६. निर्णय. वॉरफिल्ड, झोऊ व वेल्स यांची २००४ ची स्टेपल पद्धत खरी सीमा अज्ञात मानते आणि प्रत्येक तज्ज्ञाची संवेदनशीलता (सीमेतला भाग ओळखण्याचे प्रमाण) व विशिष्टता (बाहेरचा भाग वगळण्याचे प्रमाण) तिच्यासोबतच आकलित करते. साध्या बहुमतात सर्वांच्या मताला समान भार असतो. येथे विश्वासार्हतेनुसार भार मिळतो. तथापि सर्व तज्ज्ञ एकाच परंपरेत घडलेले असल्यास त्यांचा समान दोष एकमत म्हणून दिसतो व सत्य ठरतो.

७. निष्कर्ष. तिन्ही प्रकारांतून एकच नियम निष्पन्न होतो : स्रोताचे मूल्य त्याच्या दोषांच्या स्वतंत्रतेत असते, स्रोतांच्या संख्येत नव्हे. त्यातून एक कर्तव्यही निघते. पोकळीच्या कडेच्या त्या व्हॉक्सेलला 'क्षत' असे नाव देताच उरलेली ०.२५ शंका पुसली जाते. वर्षभराने क्षत वाढले की नाही हे पाहणाऱ्या चिकित्सकाला नेमकी तीच शंका हवी असते. म्हणून नावासोबत संभाव्यताही त्याच्या हाती द्यावी.