घरगुती चित्रप्रक्षेपण

चित्र अथवा चलच्चित्र प्रकाशाच्या साहाय्याने मोठे करून घरातील पडद्यावर दाखविण्याच्या क्रियेस घरगुती चित्रप्रक्षेपण म्हणतात. प्रकाशाचा उगम, चित्र निर्माण करणारा घटक, भिंग व पडदा ही त्याची चार अंगे होत. खोलीतील अंधार हे पाचवे अंग होय. मात्र ते उपकरणांच्या यादीत येत नसल्याने बहुधा दुर्लक्षित राहते. पडद्यावरील पांढरा भाग प्रक्षेपक निर्माण करतो, परंतु काळा भाग तो निर्माण करू शकत नाही. तेथे प्रकाश पोहोचू न देणे एवढेच त्याच्या हाती असते. गेल्या साडेतीन शतकांत दिवे उत्तरोत्तर प्रखर होत गेले, तरी ही मर्यादा कायम राहिली असून प्रक्षेपक व पडदा यांची निवड आजही तिच्याच आधारे करावी लागते.

जादूचा कंदील : डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्झ (१६२९–९५) यांनी १६५९ मध्ये कंदिलातून दाखविण्यासाठी सांगाड्याची काही चित्रे रेखाटली होती. काचपट्टीवर रंगविलेले चित्र दिवा व भिंग यांच्यामध्ये ठेवून भिंतीवर मोठे करून दाखविणाऱ्या या साधनास पुढे ‘जादूचा कंदील’ हे नाव पडले. मेणबत्ती अथवा तेलाचा दिवा हाच प्रकाशाचा उगम असल्याने चित्र लहान व मंद असे आणि प्रेक्षकांना दाट अंधारात बसावे लागे. पॅरिसमध्ये एत्येन गास्पार रॉबर्टसन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस भुताखेतांचे जे खेळ केले, त्यांत या उणिवेचाच उपयोग करून घेतला होता. पातळ कापडाच्या मागून चित्र टाकल्यामुळे कंदील प्रेक्षकांना दिसत नसे आणि आकृती अंधारातून प्रकट झाल्याचा भास होई.

एकोणिसाव्या शतकात ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या ज्योतीने चुन्याची कांडी तापवून मिळविलेला शुभ्र प्रकाश वापरात आला व त्यानंतर विजेचा प्रज्योत दिवा आला. त्यामुळे शेकडो प्रेक्षकांना एकाच वेळी चित्र दाखविणे शक्य झाले. महाराष्ट्रात कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांच्या साहाय्याने १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने असे खेळ सुरू केले. हाताने रंगविलेल्या काचपट्ट्या, एकाहून अधिक कंदील व सोबत निवेदन यांच्या योगे ते कथा सादर करीत. चलच्चित्राच्या आगमनापूर्वीच येथील प्रेक्षक पडद्यावरील कथेशी परिचित झाला होता, हे यावरून दिसून येते.

चित्रपट घरात येतो : ल्युम्येअर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिस येथे आणि त्यांच्या प्रतिनिधीने ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात चलच्चित्रांचे प्रयोग केले. हे साधन घरात आणण्याच्या मार्गात मुख्य अडचण आगीच्या धोक्याची होती. पॅरिसमधील एका धर्मादाय बाजारात ४ मे १८९७ रोजी प्रक्षेपकाच्या ईथरवर चालणाऱ्या दिव्यामुळे आग लागून १२६ माणसे दगावली. शिवाय त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही असे. चित्रगृहात प्रक्षेपकासाठी अग्निरोधक कक्ष बांधता येई; दिवाणखान्यात ते शक्य नव्हते.

ही अडचण सेल्युलोज ॲसिटेटच्या सुरक्षित फिल्मने दूर केली. फ्रान्समधील पाते कंपनीने १९१२ मध्ये २८ मिमी. रुंदीच्या अशा फिल्मवर चालणारा घरगुती प्रक्षेपक बाजारात आणला. ज्या घरांत वीज नव्हती, त्यांचाही विचार त्यात केलेला होता : मूठ फिरविली की फिल्म सरके आणि त्याच मुठीवर चालणाऱ्या जनित्रातून दिव्याला वीज मिळे. याच कंपनीने १९२२ मध्ये ९·५ मिमी. आणि अमेरिकेतील कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये १६ मिमी., १९३२ मध्ये ८ मिमी. व १९६५ मध्ये ‘सुपर ८’ हे प्रकार आणले. फिल्म अरुंद झाल्याने खर्च घटला, परंतु चित्रचौकटीचे क्षेत्रफळही घटले. ८ मिमी. फिल्मची चौकट १६ मिमी. च्या सु. एक-चतुर्थांश असल्याने तीतून जाऊ शकणारा प्रकाश व तपशील दोन्ही मर्यादित राहिले. मंद चित्र उजळ दिसावे यासाठी मग पडद्यात सुधारणा करण्यात आल्या.

पडद्याचे प्रकार : साधा निस्तेज पांढरा पडदा आपल्यावर पडणारा प्रकाश सर्व दिशांना सारखा विखुरतो. आदर्श विखुरण करणाऱ्या पृष्ठाच्या मानाने पडदा समोरच्या दिशेने किती उजळ दिसतो, ते दर्शविणाऱ्या गुणोत्तरास लाभांक म्हणतात. निस्तेज पडद्याचा लाभांक सु. १ असतो. सूक्ष्म काचमण्यांचा लेप दिलेला पडदा बराचसा प्रकाश आला त्याच दिशेने परतवितो, तर चंदेरी पडदा आरशाप्रमाणे विरुद्ध कोनात परावर्तित करतो. दोहोंचा लाभांक १ पेक्षा जास्त असतो, तथापि पडदा स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही. मध्यभागी बसलेल्यास जे अधिक मिळते, ते कडेला बसलेल्याच्या वाट्यातून गेलेले असते. घरगुती फिल्मप्रक्षेपकाबरोबर तिपाईवर उभारता येणारा व गुंडाळून ठेवता येणारा काचमण्यांचा पडदा विशेष रूढ झाला.

इलेक्ट्रॉनीय प्रक्षेपक : झुरिक येथील फ्रिट्स फिशर यांनी १९३९ मध्ये ‘आयडोफोर’ या प्रक्षेपकाची कल्पना मांडली. तेलाच्या पातळ थरावर इलेक्ट्रॉन शलाकेने सूक्ष्म विकृती निर्माण करून दूरचित्रवाणीचे चित्र मोठ्या पडद्यावर टाकण्याची ही पद्धत सभागृहांपुरतीच मर्यादित राहिली. अमेरिकेतील हेन्री क्लॉस यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी लाल, हिरवा व निळा अशा तीन ऋण किरण नलिका असलेला घरगुती प्रक्षेपक तयार केला. त्याचा प्रकाश इतका मंद होता, की सु. ७ फुटी कर्णाचा अंतर्वक्र व उच्च लाभांकाचा पडदा त्याच्या जोडीनेच विकावा लागे. प्रक्षेपक व पडदा ही एकाच यंत्रणेची दोन अंगे आहेत, हे या जोडीने स्पष्ट केले.

जपानी कंपन्यांनी १९८९ मध्ये द्रव स्फटिकांचे प्रक्षेपक विक्रीस आणले. लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेल्या सूक्ष्म-आरशांच्या चकतीवर आधारित प्रक्षेपक १९९६ पासून मिळू लागले. याच सुमारास आलेल्या अतिदाब पारा-दिव्यांमुळे लहान उपकरणातूनही भरपूर प्रकाश मिळू लागला. हे दिवे काही हजार तासांनंतर बदलावे लागतात. पुढे प्रसार झालेल्या लेसर व प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांचे (एलईडींचे) आयुष्य उत्पादक सु. २०,००० तास सांगतात.

निवडीची तत्त्वे : चित्रगृहात पडद्याची तेजस्विता दर चौ. मी. ला सु. ४८ कँडेला असावी असा संकेत आहे. १६:९ प्रमाणाच्या १०० इंची कर्णाच्या पडद्याची रुंदी २२१ सेंमी., उंची १२५ सेंमी. व क्षेत्रफळ सु. २·७६ चौ. मी. असते. लाभांक १ असल्यास तेवढ्या तेजस्वितेला केवळ ४१५ लुमेन पुरतात. बाजारातील बहुतेक प्रक्षेपकांवर याच्या कितीतरी पट आकडा छापलेला असतो. तो बहुधा सर्वांत प्रखर अवस्थेतील असतो. रंग अचूक राखणाऱ्या अवस्थेत प्रकाश बराच कमी मिळतो, हे लक्षात घेतले तरी अंधाऱ्या खोलीत प्रकाशाची उणीव सहसा भासत नाही.

खरी उणीव अंधाराची असते. पूर्ण अंधारात पांढऱ्या व काळ्या भागांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर २,०००:१ असलेला प्रक्षेपक घेतला आणि पडद्यावर खोलीतील दिव्याचा केवळ ५ लक्स प्रकाश पडू दिला, तर काळ्या भागाची तेजस्विता सु. १·६ कँडेला प्रती चौ. मी. होते व गुणोत्तर सु. ३०:१ वर येते. प्रक्षेपकाचा प्रकाश दुप्पट केला तरी ते ६०:१ च्या पुढे जात नाही. यास्तव अधिक लुमेनांसाठी खर्च करण्यापूर्वी खिडक्यांना जाड पडदे लावणे आणि पडद्यालगतच्या भिंती व छत यांना गडद, चकाकी नसलेला रंग देणे हा अधिक फलदायी उपाय होय. हे शक्य नसल्यास वरून वा बाजूने येणारा प्रकाश शोषून घेणारा करड्या छटेचा पडदा निवडतात. परंतु तसा पडदा पाहण्याचा कोन मर्यादित करतो.

प्रक्षेपकाचे पडद्यापासूनचे अंतर भिंगावर अवलंबून असते. अंतर व पडद्याची रुंदी यांचे गुणोत्तर १·५ असल्यास वरील पडद्यासाठी सु. ३·३ मी. अंतर लागते. सामान्य दृष्टी एक कला (अंशाचा साठावा भाग) एवढा कोन ओळखू शकते, असे मानल्यास याच पडद्यावरील १,९२० चित्रबिंदूंची रांग सु. ४ मी. च्या पलीकडून सलग दिसते. तेथून पाहणाऱ्यास अधिक विभेदनक्षमतेचा विशेष लाभ होत नाही.

विद्युत् चलित पडदा : दिवाणखाना हाच चित्रपटाचा कक्ष असलेल्या घरांत गुंडाळला जाणारा पडदा सोयीचा ठरतो. त्याच्या पोकळ रुळातच नळीच्या आकाराचे चलित्र बसविलेले असते व पडदा वर-खाली ठरावीक जागी थांबावा म्हणून मर्यादा-स्विच असतात. अनेक प्रक्षेपकांतून सुरू होताच १२ व्होल्टचा संदेश मिळतो व त्यावर पडदा आपोआप उतरतो. मुक्तपणे लोंबणाऱ्या कापडास कालांतराने कडांजवळ लाटा पडतात. त्या टाळण्यासाठी दोन्ही बाजूंनी दोऱ्यांनी ताण दिलेला पडदा वापरतात. भिंतीलगत ठेवावयाच्या अत्यल्प अंतराच्या प्रक्षेपकाचा प्रकाश पडद्यावर फार तिरपा पडत असल्याने किंचित लाटही चित्रात ठळक दिसते. तेथे ताणलेला वा चौकटीत पक्का बसविलेला पडदाच योग्य होय. एरवी केवळ चित्रपटासाठी राखलेल्या खोलीत स्थिर पडदा स्वस्त व निर्दोष ठरतो.

महाराष्ट्रात जत्रांतील तंबूंत व गणेशोत्सवात गल्लीत बांधलेल्या पांढऱ्या कापडावर चित्रपट पाहिलेल्या पिढ्यांना खेळासाठी रात्र पडण्याची वाट पाहावी लागे. घरात तो अंधार ज्याचा त्याने निर्माण करावयाचा असतो. उपकरणे कितीही सुधारली, तरी प्रक्षेपणाची ही जुनी अट बदललेली नाही.