‘भरण’ की ‘प्रबलन’? : काष्ठतंतूंच्या कार्याचा एक मागोवा

संश्लिष्ट राळांचा इतिहास बहुधा राळेच्याच नावाने सांगितला जातो. तिच्या पोटातील लाकडाचा उल्लेख ‘भरण’ या एका शब्दात आटोपतो. हा शब्द वस्तुस्थितीला कितपत धरून आहे, हे तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

उष्णता व दाब यांच्या साहाय्याने फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळ घडविण्याच्या पद्धतीसाठी लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये एकस्वाचा अर्ज केला. परंतु निव्वळ बेकेलाइट ठिसूळ असे. लाकडाची पूड मिसळल्याने त्याचे आकुंचन घटले, आघात सोसण्याची शक्ती वाढली आणि खर्चही उतरला. पुडीचे कण आखूड असल्याने तिला ‘भरण’ म्हणणे फारसे चुकीचे नव्हते.

लांब तंतूंची गोष्ट निराळी. १९१३ मध्ये ओ’कॉनर व फेबर यांनी सिनसिनाटी येथे राळयुक्त थरांचे विद्युत्‌रोधक साहित्य तयार करण्याचा उद्योग स्थापिला. ते अभ्रकाऐवजी वापरावयाचे, म्हणून त्याचे नाव ‘फॉर्मिका’, म्हणजे ‘अभ्रकाच्या जागी’. पुढे अशा तक्त्यांचा गाभा राळेत भिजविलेल्या क्राफ्ट कागदाचा होऊ लागला. कागद म्हणजे लगद्यातील तंतूंचे जाळेच. तक्त्यावरील ताण मुख्यतः हे तंतू पेलतात. राळ त्यांना बांधून ठेवते व एका तंतूवरील भार दुसऱ्याकडे पोचविते. हे प्रबलनच होय. महाराष्ट्रातील सुतारांच्या तोंडी असलेल्या ‘सनमायका’ या नावातही अभ्रक आहे. कागद मात्र नाही.

फिनॉलिक राळ तंतूंत सहज मुरते. त्यामुळे दोहोंच्या बंधाचा वेगळा विचार करण्याची निकड भासली नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या बाबतीत ती भासली. सेल्युलोज जलस्नेही, तर हे बहुवारिक जलविरोधी. मॅलेइक ॲनहायड्राइडची जोड दिलेले पॉलिप्रॉपिलीन अल्प प्रमाणात मिसळून हा दुरावा कमी करण्यात आला. त्यातच सुमारे २००° सेल्सिअसच्या पुढे काष्ठतंतू करपू लागतात. म्हणून प्रक्रियेचे तापमानही आवरावे लागते.

तात्पर्य, जेथे बंध अनायासे जुळला तेथे तंतूचे कार्य नजरेआड राहिले. जेथे तो प्रयत्नाने जुळवावा लागला तेथेच ते ठळक झाले. पूड आणि तंतू यांना एकाच ‘भरण’ शब्दाखाली मोजणारा इतिहास किंमत सांगतो, कार्य सांगत नाही. इतिहासकाराने हा भेद पाळणे अगत्याचे आहे.