जुन्या गाडीचे चाक : एका विद्येची प्रस्तावना

जुन्या गाडीचे टायर झिजून गोटा झाले की मालक दुकानात जाऊन विचारतो, "कोणता टायर मिळेल?" त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : "या गाडीला कोणता टायर लागतो?" पहिल्याचे उत्तर दुकानातल्या मांडणीवर असते. दुसऱ्याचे उत्तर गाडीचे वजन, गिअर, स्टिअरिंग, डिस्क आणि ती ज्या जमिनीवर चालणार ती जमीन, या सगळ्यांच्या हिशोबातून काढावे लागते. तो हिशोब कसा मांडायचा हे या पुस्तकात सांगितले आहे. वाचकाला गणित सातवीपर्यंतचे आले तरी पुरे. हाताशी मोजपट्टी आणि वही मात्र हवी.

हे पुस्तक वाशीम जिल्ह्यातील मानोऱ्याच्या परिसरातील गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे, त्याला कारण आहे. दिग्रस, कारंजा, मंगरूळपीरच्या रस्त्यांवर माणसे काळी-पिवळी जीपने गेली-आली. पोहरादेवीच्या रामनवमीला जीपा आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून भाविक येतात. 1998 साली वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या काही वर्षांत नोंदलेल्या गाड्यांच्या पाटीवर अकोल्याचा 30 आकडा आहे आणि नव्यांवर वाशीमचा 37. ही जुनी वाहने जपणारी माणसे आणि दुरुस्त करणारे हात तालुक्याच्या गावांत आहेत. त्यांचे ज्ञान मोठे आहे, पण ते फारसे लिहिले गेलेले नाही.

इथे चाकाचा विचार मोटारीच्या कितीतरी आधीपासून होत आला आहे. पोहरादेवी हे ज्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान, त्या समाजाचे तांडे शतकानुशतके मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून नेत. पक्का रस्ता नसलेल्या मुलखात ओल्या काळ्या मातीतून चाक नेण्यापेक्षा बैलाची पाठ भरवशाची होती. बंडी आली तेव्हा तिच्या चाकाचे प्रत्येक माप सुताराने आणि लोहाराने मिळून ठरवले : तुंबा केवढा, आरे किती, धाव किती रुंद. लोखंडी धाव तापवून चढवायची आणि पाण्याने आवळायची, या कामात एका बोटाची चूकही चालत नसे. उंच चाक खड्ड्यातून सहज निघते, पण अरुंद धाव मऊ जमिनीत खोल रुतते. आज जीपचा टायर निवडतानाही हाच पेच आपल्यासमोर असतो.

जॉन बॉइड डनलॉप याने 1888 मध्ये हवेचा टायर वापरात आणला. पुढे तोच टायर बंडीलाही बसला. बैलगाडीसाठी 8.00-19 सारख्या मापांचे वेगळे टायर भारतात बनू लागले, बैलांचे ओढणे हलके झाले आणि पांदणीची चाकोरीही कमी खोल पडू लागली. चाक बदलले की सगळी गाडीच बदलते, हे या मुलखाने तेव्हाच अनुभवले.

आता मापे वाचायला शिकू. टायरवर आकडे लिहिण्याच्या तीन पद्धती जुन्या गाड्यांच्या अभ्यासकाला ठाऊक हव्यात. सर्वांत जुन्या पद्धतीत बाहेरचा व्यास आणि जाडी लिहीत. फोर्डच्या मॉडेल टीचा टायर 30 × 3½, म्हणजे बाहेरून 30 इंच उंच आणि साडेतीन इंच जाड. दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की डिस्क 23 इंचांची निघते. आपल्या साध्या काळ्या सायकलीवरचे 28 × 1½ हे माप याच घराण्यातले. दुसऱ्या पद्धतीत रुंदी आणि डिस्कचा व्यास, दोन्ही इंचांत येतात. जीपचा 6.00-16, अ‍ॅम्बेसेडरचा 5.90-15, प्रीमियर पद्मिनीचा 5.20-14, जुन्या बुलेटचा 3.25-19 आणि बजाज चेतकचा 3.50-10 असे आपल्याकडचे ओळखीचे आकडे या पद्धतीचे आहेत. यात टायरची उंची लिहिलेली नसते. ती साधारण रुंदीइतकी किंवा थोडी इकडेतिकडे धरतात आणि नेमका आकडा कारखान्याच्या तक्त्यात पाहतात. तिसरी पद्धत आजची. बोलेरोवरचा 215/75 आर 15 म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 75 टक्के, आर म्हणजे रेडियल आणि डिस्क 15 इंचांची.

तिसऱ्या पद्धतीतून बाहेरचा व्यास सहज काढता येतो. 15 इंच म्हणजे 381 मिलिमीटर. 215 चे 75 टक्के म्हणजे सुमारे 161, ते वर-खाली दोनदा धरायचे. एकूण व्यास सुमारे 703 मिलिमीटर. पुढचा सगळा विचार या एका आकड्यावर उभा राहतो.

आपल्या भागात सर्वांत जास्त वेळा घडणारा बदल घेऊन हे तपासू. महिंद्रा कंपनी 1945 मध्ये स्थापन झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली. त्या घराण्यातल्या जीपांना 6.00-16 हा टायर असे. त्याचा बाहेरचा व्यास जवळपास 730 मिलिमीटर. जुन्या जीपचे आणि बोलेरोचे पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचे माप, एकच आहे : पाच नट, साडेपाच इंच. म्हणून बोलेरोच्या डिस्क जीपला बसतात आणि पुष्कळ मालक त्या बसवून घेतात.

त्यानंतर काय होते ते पाहू. व्यास 730 वरून 703 वर आला, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून थोडा अधिक कमी झाला. पूर्वी एका किलोमीटरला चाक सुमारे 436 फेरे घेई, आता 452 घेते. स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 58 च्या आसपास असते. किलोमीटरचा आकडाही खऱ्यापेक्षा जास्त पडतो, त्यामुळे डिझेलचा हिशोब चुकतो. चढावर ओढ किंचित वाढते, पण रस्त्यावर इंजिन तितकेच जास्त फिरते आणि जमिनीपासूनची उंची 13 मिलिमीटरने घटते. 235/75 आर 15 घेतला तर व्यास 733 येतो, मूळ मापाशी जवळपास जुळतो. मात्र हा टायर मूळ टायरपेक्षा सुमारे सात सेंटिमीटर रुंद. त्याला रुंद डिस्क लागते, पूर्ण वळवल्यावर तो पाट्याला किंवा मडगार्डला घासण्याची शक्यता असते आणि पॉवर स्टिअरिंग नसलेली जीप जागेवर वळवताना चालकाचे खांदे दुखतात. डिस्क बाहेर सरकवून घासणे थांबवले तर व्हील बेअरिंग आणि किंगपिनवरचा ताण वाढतो. एक आकडा हलवला की चार ठिकाणी हिशोब जुळवावा लागतो, तो असा.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, अशी समजूत सर्वत्र आहे. ती तपासून घेण्यासारखी आहे. टायर जमिनीला जितक्या क्षेत्रावर टेकतो ते मुख्यतः वजन आणि हवेचा दाब ठरवतात. एका चाकावर 400 किलो भार आणि हवा चौरस सेंटिमीटरला 2 किलो असेल, तर टेकणारी जागा साधारण 200 चौरस सेंटिमीटर. रुंद टायरमध्ये तितकीच हवा भरली तर ही जागा फारशी वाढत नाही, फक्त आकार बदलतो : लांबट होती ती आडवी होते. वरून चिखल आणि खाली मुरूम असलेल्या पांदणीत अरुंद टायर चिखल कापून मुरमापर्यंत पोहोचतो आणि गाडी निघते. खोल काळ्या रानात खाली कडक थरच नसतो. तिथे रुंद टायर आणि कमी हवा कामी येते, पण काळी माती टायरच्या नक्षीतल्या बटनांच्या फटीत बसून टायर गुळगुळीत करते. म्हणून आपल्या गाडीचे वर्षातले बहुतेक दिवस कोणत्या रस्त्यावर जातात, हे आधी ठरवावे. डांबरी रस्त्यावर बारा महिने चालणाऱ्या जीपला मोठ्या बटनांचा टायर घालणे म्हणजे आवाज, झीज आणि इंधन यांचा खर्च ओढवून घेणे.

जुन्या गाड्यांच्या चाकांची हौस वाढवण्यात अमेरिकेतल्या हॉट रॉडचाही वाटा आहे. 1930 आणि 40 च्या दशकांत कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्या हलक्या करून कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर पळवू लागले. मागे उंच, रुंद आणि पुढे लहान चाके ही त्यांची ओळख झाली. मागच्या मोठ्या चाकामुळे इंजिनाच्या त्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापी, आणि ओढ मागच्याच चाकांवर असल्याने पकडही तिथेच हवी होती. त्या सौंदर्याच्या मुळाशी हिशोब आहे, म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. तीच ठेवण फोर बाय फोर जीपवर आणता येत नाही. जुन्या जीपमध्ये फोर व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा अक्ष एकमेकांना घट्ट जोडले जातात. चाकांचे व्यास वेगळे असतील तर गिअर आणि शाफ्ट एकमेकांशी झगडतात आणि शेवटी काहीतरी तुटते. फोर व्हील ट्रॅक्टरमध्ये पुढची चाके लहान असतात, पण तिथे गिअरचे प्रमाण त्या मापांना धरून कारखान्यातच बसवलेले असते. तिथेही मनाने माप बदलू नये.

आकडा सारखा असला तरी टायर सारखा नसतो, याचे आपल्याकडचे उदाहरण 6.00-16 हेच आहे. जीपचा टायर या मापाचा आणि कितीतरी ट्रॅक्टरांचा पुढचा टायरही याच मापाचा. पण ट्रॅक्टरचा टायर शेतीच्या वेगासाठी बनतो. त्यावर ए6 किंवा ए8 लिहिलेले असते, म्हणजे वेगाची मर्यादा ताशी 30 किंवा 40 किलोमीटर. तो जीपला बसतो म्हणून बसवला आणि जीप साठच्या वेगाने पळवली, तर तापून फुटण्याचा धोका पत्करला असे समजावे. बाजूवरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय म्हणूनच प्राण वाचवणारी आहे. भाराच्या खुणेत 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो, वेगाच्या खुणेत एस म्हणजे ताशी 180 किलोमीटर. बनावटीच्या खुणेतले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात : 2319 असेल तर 2019 सालचा 23 वा आठवडा. पडवीत झाकून ठेवलेल्या फियाटचा टायर नवा दिसला तरी त्याचे वय हे चार आकडेच सांगतील.

नायलॉन, म्हणजे तिरप्या थरांचा, टायर आणि रेडियल यांचा स्वभाव वेगळा. रेडियलची बाजू लवचिक, तो वळणावर डिस्कला वेगळ्या तऱ्हेने ओढतो. मिशेलिनने 1940 च्या दशकाच्या अखेरीस रेडियल बाजारात आणला, आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांची आखणी मात्र नायलॉन टायर धरून झालेली आहे. एका अक्षावर दोन जातींचे टायर कधीही लावू नयेत. दोन्ही वापरावेच लागले तर रेडियल मागे असावेत. जुन्या डिस्कला रेडियल लावण्याआधी नटांच्या भोकांभोवती आणि कडेला तडे तपासावेत. ट्यूबलेस टायर धरून ठेवणारा उंचवटा जुन्या डिस्कच्या कडेला बहुधा नसतो, म्हणून ट्यूब काढू नये. आणखी एक सूचना : विलीज घराण्यातल्या जुन्या जीपांत डावीकडच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते ठाऊक नसले की पाना उलटा लावून बोल्टच तोडला जातो.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील कारखान्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाने करू नये. नियमांनुसार टायरची नक्षी चारचाकीला किमान 1.6 आणि दुचाकीला 0.8 मिलिमीटर खोल असावी. 2021 पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. अशा गाडीचा मालक मूळ मापाचाच टायर शोधून बसवतो तेव्हा तो इतिहास सांभाळत असतो, त्याचे कौतुक व्हावे.

पुस्तकाची प्रकरणे पुढील क्रमाने आहेत : मापे वाचणे, व्यासाचे गणित, डिस्क, भार आणि हवा, रस्ता आणि माती, आणि शेवटी प्रत्येक गाडीचा तक्ता. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला यातून गावातल्या प्रत्यक्ष अडचणी कळतील आणि मेकॅनिकला आपल्या अनुभवामागचे कारण सापडेल. ज्याच्या घरी वडिलांची जीप उभी आहे, त्याला ती सुरक्षित चालवण्याचा मार्ग दिसेल.

वाचकांना एकच विनंती. टायर घेण्याआधी गाडीखाली वाकून चार गोष्टी मोजा : डिस्कचा व्यास, तिची रुंदी, नटांचे वर्तुळ आणि टायर पूर्ण वळल्यावर पाट्यापर्यंत उरणारी जागा. जुन्या टायरवरचे सगळे आकडे वहीत उतरवा आणि ती वही गाडीतच ठेवा. आपल्या तालुक्यातल्या जाणत्या मेकॅनिकला विचारून त्याचे अनुभवही तिच्यात लिहा. या विद्येचे पुढचे प्रकरण अशा वह्यांमधूनच तयार होणार आहे.