आत्या, आम्ही आणि एक नसलेली सरहद

गेल्या हिवाळ्यात आम्ही अकरा जण रेडीहून तेरेखोलला चालत गेलो होतो, ते लिहायचं राहूनच गेलं होतं.

सहल अगदी साधी. सकाळी रेडीच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं, खाडीच्या मुखावरच्या तेरेखोल किल्ल्यापर्यंत चालायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. रेडी महाराष्ट्रात, तेरेखोल गोव्यात. खाडीच्या अलीकडे असूनही हा एवढासा तुकडा गोव्याचा, कारण 1746 मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकरांकडून घेतला. चालताना हद्द कधी ओलांडली ते कळलंसुद्धा नाही. तीच माती, तेच काजू, तीच बोली.

पण 1955 साली ही आंतरराष्ट्रीय सरहद होती!

आम्हा ठाणेकरांना खरं तर पोर्तुगीज नवे नाहीत. टेंभी नाक्यावरून तलावपाळीला गेलं की समोर सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च दिसतं आणि ठाण्याचं कारागृह आहे तो त्यांचाच किल्ला. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणं घेईपर्यंत सुमारे दोनशे वर्षं इथे त्यांचा अंमल होता. गोव्यात मात्र ते 1961 पर्यंत टिकले. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच सागरापलीकडचा प्रांत आहे, असं 1951 पासून त्यांनी कायद्यातच लिहून ठेवलं होतं. म्हणजे बांद्याचा माणूस पत्रादेवीला पाऊल टाकताच परदेशात घुसलेला ठरायचा.

ही सरहद आम्ही मानत नाही, हे सांगायचा एक मार्ग म्हणजे ती सरळ चालत ओलांडायची. हातात झेंडा, बाकी काही नाही. 15 ऑगस्ट 1954 ला गोव्याच्याच सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. मे 1955 मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट तुकडी घेऊन गेले. बापटांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर! गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. जुलैत मधू लिमये गेले, त्यांना बारा वर्षांची. बहुतेकांना मात्र बेदम मारून पुन्हा हद्दीबाहेर आणून टाकत. पुढे 15 ऑगस्ट 1955 ला हजारो लोक वेगवेगळ्या वाटांनी एकाच दिवशी निघाले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या. पत्रादेवीला झेंडा धरलेल्या मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय जखमी झाल्या, पंजाबचे तरुण शिक्षक कर्नैलसिंग छातीवर गोळी झेलून गेले. तेरेखोलला हिरवे गुरुजी गेले. त्या दिवशी वीसहून अधिक माणसं मारली गेली. त्यानंतर सरकारने अशा तुकड्या थांबवल्या, आणि गोवा मुक्त झाला तो 19 डिसेंबर 1961 ला, सैन्य गेल्यावर.

आता घरातली गोष्ट. नातेवाइकांपैकी काहींना ती माहीत आहे, पण मोठ्याने कोणी बोलत नाही.

आजोबांनी त्या ऑगस्टमध्ये नाव दिलं होतं. तुकडीबरोबर ते सावंतवाडीपर्यंत पोचले आणि तिथे घरून तार आली. दोन वर्षांच्या आत्याचा विषमज्वर हाताबाहेर गेला होता. आजोबा परतले. आत्या वाचली. त्यांचा टेंभी नाक्यावरचा मित्र मात्र पुढे गेला आणि पाय मोडून घेऊन आला. तो जन्मभर लंगडत आमच्याकडे चहाला यायचा. त्याने आजोबांना कधी एका शब्दानेही टोचलं नाही. आजोबांना तेच जास्त लागायचं, असं आजी सांगायची. दर 15 ऑगस्टला झेंडावंदन करून आले की ते दिवसभर गप्प असत.

तेरेखोलला जायचं ही कल्पना आत्याचीच. सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. वाटेत तीन वेळा बसली, पण रिक्षात बसायला तयार होईना. किल्ल्यापाशी पोचल्यावर खाडीकडे बघत म्हणाली, "दादांचं राहिलेलं एवढंसंच होतं रे."

मला काय बोलावं सुचलं नाही. एवढंसं कसं असेल? आमच्या वाटेवर बंदुका नव्हत्या. पाठीवर पाण्याच्या बाटल्या आणि डब्यात घावणे होते. आम्ही चाललो ते त्यांचं चालणं नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पण एक गोष्ट कळली. इतिहासात पुढे गेलेल्यांची नावं राहतात, आणि ती राहायलाच हवीत. सावंतवाडीहून परत फिरलेल्यांची नोंद कुठेच नसते. आमच्याकडे ती नोंद आहे. ती त्या दिवशी माझ्या शेजारी बसून घावणे खात होती.

असो. येताना आत्याने परत चालायचा हट्ट धरला नाही. रेडीपर्यंत रिक्षा केली.