आमच्या सणांचा चंद्र

शब्बाथला सिनेगॉगमध्ये येत्या महिन्याचे नाव आणि नव्या चंद्राची वेळ आपण ऐकतो. आज ती वेळ गणिताने ठरते. पूर्वी ती डोळ्यांनी ठरत असे. ज्यांना नवी कोर दिसली, ते येरुशलायमच्या बेत दीनसमोर साक्ष देत. रब्बान गमलिएल यांच्या माडीच्या भिंतीवर चंद्राच्या आकृत्या होत्या. त्या दाखवून ते साक्षीदारांची परीक्षा घेत. साक्ष पटली की जैतुनाच्या डोंगरावर मशाल पेटे, मग सरताबावर, आणि डोंगरामागून डोंगर बातमी बाबेलकडे जाई. शोमरोनी लोकांनी खोट्या मशाली पेटवल्या, तेव्हापासून निरोपे पाठवू लागले. निरोप्या जिथे वेळेत पोचत नसे तिथे सण दोन दिवस पाळत. म्हणूनच मुंबईत पेसाहच्या आरंभी दोन दिवस सण, आणि इथे एकच.

परंपरेनुसार इ.स. ३५९ च्या सुमारास हिल्लेल दुसरे यांनी गणित सर्वांना खुले केले. एका महिन्याचे माप २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटे आणि ३ सेकंदांहून किंचित अधिक.

कोकणात आपल्या शनिवार तेली पूर्वजांपर्यंत कोणी निरोप्या येत नव्हता. छापील लुआह नव्हता. तरी हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी नोंदवलेली जुनी नावे पाहा: नव्याचा सण, दरफळनीचा सण, होळीचा सण, अनाशी ढाकयाचा सण, बिरड्याचा सण. हे दिवस कशाच्या आधाराने पाळले असतील? आम्हाला वाटते, डोक्यावरच्या चंद्राच्या. मराठी महिनाही अमावास्येनंतरच सुरू होतो, त्यामुळे शेजाऱ्याची तिथी आपल्या तारखेच्या जवळपास येते. २०२४ मध्ये रोश हशना आणि घटस्थापना एकाच दिवशी, ३ ऑक्टोबरला होती. पुरीम आणि होळी २४ मार्चला. मात्र आपला जादा अदार १९ वर्षांत ७ वेळा येतो आणि मराठी अधिक मास स्वतःच्या हिशेबाने. म्हणून २०२३ मध्ये दोघांत महिन्याचे अंतर पडले.

१९६४ मध्ये आपल्या ज्यू असण्याबद्दलच्या शंकेविरुद्ध आपल्या लोकांना येरुशलायममध्ये धरणे धरावे लागले. पुस्तके, रब्बी काही नसताना शेमा, शब्बाथ आणि हे सण ज्यांनी टिकवले, त्यांची साक्ष त्या सणांच्या मराठी नावांतच आहे. ती नावे आज घरोघरी ऐकू येईनाशी झाली आहेत.

म्हणून दर महिन्याला मुलांना बाहेर न्यावे. रोश होदेशच्या सुमारास सूर्यास्तानंतर पश्चिमेला बारीक कोर शोधावी. निसानमध्ये ती वाटीसारखी आडवी दिसते आणि लवकर सापडते. तिश्रीत कललेली आणि क्षितिजाजवळ असते. सातव्या-आठव्या रात्री अर्धा चंद्र. बिरकात हालेवाना पौर्णिमेपूर्वी म्हणावा. पुरीम, पेसाह, सुक्कोथ आणि तू बिश्वातला सूर्य मावळता मावळता पूर्वेला पूर्ण चंद्र उगवतो. तेवेत-श्वातच्या रात्री मृग आणि कृत्तिका पाहाव्यात. तनाखमधले केसील आणि कीमा ते हेच, असे बहुतेक मानतात. एलूलच्या शेवटी पहाटे पूर्वेला उरलेली कोर दिसेनाशी झाली, की नव्याचा सण आला.

तेव्हा मुलांना हिब्रू नावाबरोबर हे मराठी नावही सांगावे.