वगळलेल्या आशयाची साक्ष : 'पोकेमॉन' खेळाच्या कार्ट्रिजमधील अवशेषांचा इतिहाससाधन म्हणून विचार

प्रस्तावना

इतिहासलेखनात साधनांचे महत्त्व सर्वमान्य आहे. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी साधनांचे दोन प्रकार मानले होते. पुढील पिढ्यांनी वाचावे म्हणून हेतुपुरस्सर लिहिलेली साधने हा पहिला प्रकार आणि असा कोणताही हेतू नसताना मागे राहिलेली साधने हा दुसरा. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना हा भेद बखर आणि अस्सल कागद या जोडीतून परिचित आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेतून बखरींची परीक्षा समकालीन पत्रांच्या आधारे करण्याचा आग्रह धरला. प्रस्तुत निबंधात हीच दृष्टी विसाव्या शतकाच्या अखेरच्या एका सांस्कृतिक वस्तूला लावली आहे. ही वस्तू म्हणजे 'पोकेमॉन' हा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. या खेळाच्या कार्ट्रिजमध्ये खेळणाऱ्यास कधीही न दिसणारी पात्रे, न ऐकू येणारे आवाज आणि न घडणारे प्रसंग शिल्लक आहेत. अशा अवशेषांवरून नेमके काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

साधनाचे भौतिक स्वरूप

निन्टेन्डो या जपानी कंपनीचे 'गेम बॉय' हे यंत्र २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. गुनपेई योकोई यांच्या विभागात त्याची निर्मिती झाली. त्याचा पडदा १६० × १४४ पिक्सेलचा असून त्यावर चारच छटा उमटत. ध्वनीसाठी चार वाहिन्या होत्या. चित्रे ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांतून जुळविली जात आणि अशा प्रत्येक चौकोनास १६ बाइट जागा लागे. ५६ × ५६ पिक्सेलच्या एका चित्रात असे ४९ चौकोन येतात. म्हणजे संक्षेप न केल्यास एकाच चित्राला ७८४ बाइट खर्ची पडतात. 'पोकेमॉन'च्या पहिल्या जपानी आवृत्तीचे संपूर्ण कार्ट्रिज ५१२ किलोबाइटचे होते. दीडशेहून अधिक प्राण्यांची पुढील व मागील बाजूंची चित्रे, नकाशे, संवाद, संगीत आणि प्रत्यक्ष आज्ञावली हे सर्व त्यात बसवायचे होते. जागेची ही टंचाई लक्षात घेतल्याशिवाय पुढील विवेचनाचे मर्म कळणार नाही.

खेळ ज्या चिपमध्ये साठविलेला असे, तिच्यातील मजकूर कारखान्यातच कायमचा कोरला जाई. विक्रीनंतर त्यात दुरुस्ती शक्य नव्हती. तसेच आज्ञावलीतील प्रत्येक घटकाचा पत्ता ठरलेला असल्यामुळे अखेरच्या टप्प्यात एखादा भाग काढून टाकल्यास इतर भागांचे पत्ते बिघडण्याचा धोका असे. म्हणून नको असलेला भाग पुसून टाकण्याऐवजी त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी बंद करणे सोयीचे ठरे. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासला जाई, परंतु पान फाडले जात नसे. कार्ट्रिजमधील वगळलेल्या आशयाचे स्वरूप काहीसे असेच आहे.

रिकाम्या क्रमांकांचे कोडे

'पोकेमॉन रेड' आणि 'पोकेमॉन ग्रीन' हे खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाले. सातोशी ताजिरी यांच्या 'गेम फ्रीक' या छोट्या संस्थेने सुमारे सहा वर्षे त्यांवर काम केले होते. केन सुगिमोरी हे प्रमुख चित्रकार आणि जुनिची मासुदा हे संगीतकार होते. खेळणाऱ्याला या खेळात १५१ प्राण्यांची अनुक्रमित यादी दिसते. आज्ञावलीच्या आत मात्र निराळीच यादी आहे. तिच्यात १९० स्थाने असून त्यांपैकी ३९ स्थानांवर कोणताही प्राणी नाही. जपानी आवृत्तीत या स्थानांना 'केत्सुबान', म्हणजे गहाळ क्रमांक, असे नाव आहे. इंग्रजी आवृत्तीतील 'मिसिंगनो' हे नाव त्याच अर्थाचे आहे.

अंतर्गत यादीचा क्रम दर्शनी यादीशी जुळत नाही. अंतर्गत यादीत पहिले स्थान ऱ्हायडन या प्राण्याचे आहे आणि सर्वांत आधी तयार झालेला प्राणी तोच असल्याचे निर्मात्यांनीही पुढे सांगितले. यावरून अंतर्गत यादी बऱ्याच अंशी निर्मितीचा क्रम दाखविते, असे अनुमान करता येते. रिकामी स्थाने सलग नसून यादीत विखुरलेली आहेत. ती केवळ भविष्यासाठी राखून ठेवली असती, तर अखेरीस एकत्र आढळली असती. शिवाय त्यांपैकी काही स्थानांवर आवाजाची नोंद शिल्लक आहे. या खेळात प्रत्येक प्राण्याचा आवाज स्वतंत्रपणे साठविलेला नाही. एकूण ३८ मूळ आवाज आहेत आणि स्वराची उंची व लांबी बदलून त्यांतून सर्व प्राण्यांचे आवाज घडविले आहेत. ज्या स्थानावर चित्र नाही, नाव नाही, पण आवाजाचे आकडे आहेत, तेथे पूर्वी एखादा प्राणी होता, असे म्हणण्यास बळकट आधार मिळतो.

येथेच एका प्रवादाचा परामर्श घेणे आवश्यक आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत खेळ प्रसिद्ध झाल्यावर काही विशिष्ट कृतींनी 'मिसिंगनो' पडद्यावर अवतरतो, हे मुलांच्या लक्षात आले. त्याची ठोकळ्यांसारखी विस्कटलेली आकृती म्हणजे एखाद्या वगळलेल्या प्राण्याचे चित्र होय, असा समज पसरला. वस्तुतः त्या स्थानी चित्रच नसल्याने यंत्र भलत्याच ठिकाणची माहिती चित्र समजून वाचते आणि त्यातून ती आकृती तयार होते. तात्पर्य, तेथील आवाजाचे आकडे हा पुरावा आहे. ती आकृती मात्र पुरावा नव्हे. साधनांच्या चिकित्सेत हा विवेक मूलभूत आहे.

म्यू : कथन आणि अस्सल पुरावा

या खेळातील १५१ वा प्राणी म्यू सर्वसाधारण खेळात कोठेही सापडत नाही. त्याचा उल्लेख मात्र येतो. एका ओसाड वाड्यातील रोजनिशीच्या पानांत दक्षिण अमेरिकेतील अरण्यात त्याचा शोध लागल्याची नोंद आहे. निन्टेन्डोचे तत्कालीन अध्यक्ष सातोरु इवाता यांनी २००९ मध्ये घेतलेल्या मुलाखतीत आज्ञावलीकार शिगेकी मोरिमोतो यांनी म्यूची कथा सांगितली. कार्ट्रिज पूर्ण भरले होते. चाचणीसाठीची साधने अखेरीस काढून टाकल्यावर सुमारे ३०० बाइट जागा मोकळी झाली आणि तीत म्यूला बसविण्यात आले, असे त्यांचे कथन आहे.

हे कथन घटनेनंतर तेरा वर्षांनी केलेले आहे. बखरीप्रमाणे तेही चिकित्सेस पात्र ठरते. सुदैवाने येथे अस्सल साधन उपलब्ध आहे. इंग्रजी 'रेड' व 'ब्ल्यू' आवृत्त्यांच्या आज्ञावलीत इतर १५० प्राण्यांच्या गुणांचे आकडे एका विभागात सलग मांडलेले आहेत. म्यूचे आकडे आणि चित्रे मात्र त्यांच्यापासून दूर, एका वेगळ्याच विभागात आहेत आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आज्ञावलीत खास अपवाद लिहावा लागला आहे. इंग्रजी कार्ट्रिज जपानीच्या दुप्पट क्षमतेचे, म्हणजे १ मेगाबाइटचे असूनही ही आडवळणाची रचना तशीच राहिली. मागाहून मिळेल त्या जागेत केलेल्या भरतीचाच हा निर्देश आहे. कथन आणि अवशेष येथे परस्परांना दुजोरा देतात.

तथापि अंतर्गत यादीत म्यूचे स्थान २१ वे, म्हणजे बरेच आधीचे आहे. त्याचे दोन अर्थ संभवतात. एखाद्या वगळलेल्या प्राण्याचे रिकामे झालेले स्थान त्यास दिले गेले असावे. अथवा म्यूची कल्पना आरंभापासून असून तिच्यासाठी स्थान राखून ठेवलेले असावे. रोजनिशीतील उल्लेख दुसऱ्या शक्यतेस अनुकूल आहे. उपलब्ध पुराव्यावरून याहून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पुढे १९९६ मध्येच 'कोरोकोरो कॉमिक' या मासिकाने सोडतीद्वारे वीस वाचकांना म्यू देण्याची योजना जाहीर केली. तिला मिळालेला प्रतिसाद खेळाच्या लोकप्रियतेस मोठा हातभार लावणारा ठरला, असे मानले जाते. ३०० बाइटांच्या उरलेल्या जागेतून इतके मोठे फलित निघावे, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

प्राध्यापक ओक यांचा न झालेला सामना

म्यूच्या बाबतीत कथन आणि अवशेष दोन्ही आहेत. प्राध्यापक ओक यांच्या बाबतीत भिस्त अवशेषांवरच ठेवावी लागते. ओक हे खेळाच्या आरंभी नायकाला पहिला प्राणी देणारे वयोवृद्ध संशोधक. त्यांच्याशी सामना होत नाही. आज्ञावलीत मात्र प्रतिस्पर्धी म्हणून त्यांची नोंद आहे. त्यांच्याजवळ पाच प्राणी असून त्यांचे स्तर अनुक्रमे ६६, ६७, ६८, ६९ आणि ७० असे आहेत. ६९ व्या स्तरावरील प्राणी तीन पर्यायांत दिलेला आहे आणि आरंभी निवडावयाच्या तीन प्राण्यांशी हे पर्याय जुळतात.

या आकड्यांचे अंतर्गत परीक्षण उद्बोधक ठरते. खेळातील अंतिम विजेत्याच्या सर्वांत बलवान प्राण्याचा स्तर ६५ आहे. ओक यांची मालिका नेमकी त्याच्यापुढून, ६६ पासून सुरू होते. म्हणजे हा सामना अंतिम विजयानंतर घडावा अशी योजना होती, हे अनुमान सयुक्तिक ठरते. तीन पर्याय तयार असल्यामुळे ही कल्पना बरीच आकारास आली होती, असेही म्हणता येईल. ती का सोडण्यात आली, याविषयी मात्र हे आकडे मौन पाळतात. वेळेचा अभाव, कथेतील औचित्य, काठिण्य अशी कारणे सुचविता येतील. परंतु ती अवशेषांतून निघत नाहीत. अवशेष कृतीची साक्ष देतात, हेतूची नव्हे.

'न वापरलेले' या संज्ञेची मर्यादा

एखादा आशय वापरात नाही, असे म्हणताना स्थळ आणि काळ यांचा निर्देश करणे आवश्यक आहे. डिसेंबर २००० मध्ये जपानमध्ये आलेल्या 'पोकेमॉन क्रिस्टल' या खेळात 'जीएस बॉल' नावाची वस्तू मिळवून सेलेबी या दुर्मिळ प्राण्यापर्यंत पोहोचण्याचा प्रसंग आहे. ही वस्तू जपानमध्ये मोबाइल फोनला जोडणाऱ्या सेवेमार्फत मिळे. ती सेवा जानेवारी २००१ मध्ये सुरू होऊन डिसेंबर २००२ मध्ये बंद पडली. जपानबाहेर ती कधीच नव्हती. २००१ मधील इंग्रजी कार्ट्रिजमध्ये प्रसंगाची आज्ञावली शिल्लक होती, पण आरंभाची कळ नव्हती. पुढे जानेवारी २०१८ मध्ये निन्टेन्डोने हाच खेळ 'थ्रीडीएस' या यंत्रासाठी पुन्हा उपलब्ध केला, तेव्हा अंतिम विजयानंतर ही वस्तू सर्वांनाच मिळू लागली. एकच आशय एका देशात चालू, दुसऱ्या देशात सुप्त आणि सतरा वर्षांनी सर्वत्र जागृत, असा हा प्रवास आहे.

जतनाचा प्रश्न

विक्रीस आलेल्या कार्ट्रिजच्या लाखो प्रती असतात; निर्मितीच्या मधल्या टप्प्यांच्या प्रती मात्र मोजक्याच असतात आणि त्या कंपन्यांच्या ताब्यात राहतात. नोव्हेंबर १९९७ मध्ये जपानमधील 'स्पेस वर्ल्ड' प्रदर्शनात 'पोकेमॉन गोल्ड'चा नमुना लोकांसमोर ठेवला गेला होता. अंतिम खेळ १९९९ मध्ये आला, तेव्हा त्या नमुन्यातील अनेक प्राणी गाळले गेले होते आणि नकाशाही बदलला होता. या नमुन्याची आज्ञावली अभ्यासकांना थेट २०१८ मध्ये पाहता आली, तीही कंपनीच्या संमतीवाचून. येथे संशोधकासमोर नैतिक पेच उभा राहतो. स्वामित्वहक्काचा आदर राखावा, तर साधन हाती येत नाही. साधन वापरावे, तर त्याच्या प्राप्तीचा मार्ग निर्दोष नसतो. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नसल्याचे 'व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन'ने २०२३ मध्ये दाखवून दिले. ग्रंथालयांनी असे खेळ संशोधकांना दूरस्थपणे पाहू द्यावेत, ही मागणी तेथील स्वामित्वहक्क कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. खासगी दप्तरे इतिहासकारांना खुली व्हावीत, हा जुनाच झगडा येथे नव्या रूपात दिसतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. कार्ट्रिजमधील वगळलेला आशय हे अहेतुक, म्हणून विशेष विश्वसनीय इतिहाससाधन आहे.

२. निर्मात्यांच्या नंतरच्या आठवणींची परीक्षा या अवशेषांच्या आधारे करता येते. म्यूच्या उदाहरणात दोन्हींचा मेळ बसतो.

३. अवशेषांवरून काय केले गेले, हे कळते. का सोडले गेले, हे कळतेच असे नाही. ओक यांच्या उदाहरणाने ही मर्यादा स्पष्ट होते.

४. यंत्राच्या चुकीतून उद्भवलेली आकृती आणि निर्मात्याने मागे ठेवलेली खूण यांत भेद करणे अनिवार्य आहे.

५. या साधनांच्या जतनाची आणि अभ्यासासाठी ती खुली करण्याची कायदेशीर व्यवस्था झाल्याशिवाय या क्षेत्रातील संशोधन भक्कम पायावर उभे राहणार नाही.

सहा वर्षे चाललेल्या श्रमांपैकी जे यशस्वी झाले, ते पडद्यावर दिसले. जे गळाले, त्याची साक्ष रिकाम्या क्रमांकांत आणि कोणीही न ऐकलेल्या आवाजांच्या आकड्यांत उरली आहे. ती वाचण्याचे शास्त्र मात्र नवे नाही. ते जुन्या दप्तरांच्या अभ्यासातूनच आलेले आहे.